बिडाचं ड्रिल टेबल तुटलं तर : वेल्डिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगावात अजिंठा चौफुलीच्या बाजूला आमचं लहान वर्कशॉप आहे. पंपाच्या बॉड्या, ऑइल इंजिनाचे पाय, पिठाच्या गिरणीच्या पुल्या आणि जिनिंगच्या मशीनचे ब्रॅकेट अशी बिडाची (कास्ट आयर्नची) मोडतोड आमच्याकडे वर्षभर येते. त्यात पिलर ड्रिल आणि बेंच ड्रिलची, म्हणजे पिलरवर (उभ्या खांबावर) बसवलेल्या भोकं पाडायच्या मशीनची टेबलं दर थोड्या दिवसांनी असतातच, कारण ट्रॉल्या बांधणाऱ्यापासून गेट-ग्रिलवाल्यापर्यंत प्रत्येकाकडे ड्रिल आहे. फोनवर तेच तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एकदा नीट लिहून ठेवतो.

टेबलाला तडा गेलाय. वेल्डिंग करावं की टेबलच बदलावं?

आधी तडा कुठे आहे ते बघा. ड्रिलचं टेबल दोन कामं करतं. वरून येणारा दाब झेलतं आणि जॉबला (ज्यात भोक पाडायचं त्या तुकड्याला) सपाट, काटकोनातली बैठक देतं. मशीनच्या दृष्टीने दुसरं काम जास्त मोलाचं आहे. वेल्डिंगने ताकद परत आणता येते, पण त्याच उष्णतेने सपाटपणा बिघडू शकतो. म्हणून तडा टेबलाच्या कडेला किंवा टी-स्लॉटच्या (बोल्ट सरकवायच्या टी आकाराच्या खाचेच्या) कोपऱ्यात असेल, लहान असेल आणि टेबल एरवी काम देत असेल, तर मी आधी वेल्डिंग टाळता येतं का ते पाहतो. कडेचा एखादा तुकडा उडाला असेल तर नुसती कड कानशीने गोल करून मशीन वापरायला लागा. त्या कडेवर कुणी जॉब बांधत नाही.

टेबल दोन तुकड्यांत मोडलं असेल, किंवा पिलरला पकडणारी मान तडकली असेल, तर काही न करता चालत नाही, दुरुस्ती तरी करावी लागते किंवा टेबल बदलावं लागतं. बाजारात त्याच मापाचं टेबल सहज मिळत असेल तर ते घ्या, मी स्वतः तसंच सांगतो. पण जुन्या भारी मशीनचं टेबल शोधूनही मिळत नाही. मिळालं तरी पिलरचा व्यास जुळत नाही. अशा वेळी जुनं टेबल वाचवणंच शहाणपणाचं, आणि नीट केलं तर ते पुढची कित्येक वर्षं काम देतं.

टेबल बिडाचंच आहे हे कसं ओळखायचं?

टेबलाच्या खालच्या बाजूला, जिथे खूण राहिली तरी चालेल अशा जागी ग्राइंडर क्षणभर टेकवा. पोलादाच्या ठिणग्या लांब, उजळ आणि टोकाला फुटणाऱ्या असतात. बिडाच्या ठिणग्या आखूड, मंद लालसर असतात आणि लवकर विझतात. त्याहून सोपी खूण म्हणजे भोक पाडून बघणं. पोलादातून वळवळीत कीस निघतो, बिडातून काळी भुकटी पडते आणि बोटं पेन्सिल घासल्यासारखी काळी होतात. तो काळा रंग ग्राफाइटचा. मोडलेल्या तोंडाकडे बघितलंत तर तेही करडं, दाणेदार दिसेल.

हलक्या स्वस्त मशीनला कधी कधी पत्र्याचं किंवा पोलादी प्लेटचं टेबल असतं. तसं असेल तर पुढची सगळी काळजी घ्यायची गरज नाही, साध्या रॉडने काम होतं.

साध्या रॉडने जोडलं तर काय बिघडतं? आमच्या गावातला वेल्डर म्हणतो, होतं.

वेल्डिंग होतं, ते टिकत नाही. कारण धातूतच आहे. करड्या बिडात कार्बन साधारण २.५ ते ४ टक्के असतो आणि त्यातला बराचसा ग्राफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपात पसरलेला असतो. या पापुद्र्यांमुळे बीड हादरे चांगले शोषतं आणि कापायला मऊ लागतं. पण त्याच पापुद्र्यांमुळे ते ताणलं की लांबत नाही, थेट तुटतं. पोलाद तुटण्याआधी चांगलं २० टक्क्यांच्या आसपास ताणतं. करडं बीड १ टक्काही ताणत नाही.

साध्या पोलादी रॉडचा रस त्यात पडला की दोन गोष्टी होतात. बिडातला कार्बन त्या रसात ओढला जातो आणि वेल्ड काचेसारखं कडक बनतं. शिवाय वेल्डच्या लगतचं बीड लालबुंद होऊन झटकन थंड होतं, त्यामुळे तिथला कार्बन ग्राफाइट न बनता पांढऱ्या कडक बिडात अडकून बसतो. आता हे कडक वेल्ड थंड होताना आक्रसतं, शेजारच्या बिडाला ओढतं, आणि ओढ सहन न झाल्याने बीड वेल्डला लागूनच फाटतं.

मी धंद्यात नवा असताना पारोळ्याकडचे एक ट्रॉलीवाले काका टेबल घेऊन आले होते. मला विचारलं, "दादा, हाई जुडी का?" मी हो म्हटलं आणि साध्या रॉडने मस्त भरून दिलं. वेल्ड दिसायला सुरेख होतं. संध्याकाळी शटर ओढायच्या वेळी कोपऱ्यातून ‘टक्’ असा आवाज आला, भांड्याला तडा जाताना येतो तसा. जवळ जाऊन पाहिलं तर वेल्ड जागच्या जागी शाबूत आणि त्याच्या कडेने केसासारखी बारीक काळी रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कानस लावली तर वेल्डच्या कडेवर ती घसरत होती, धातूला लागतच नव्हती. तेव्हापासून बिडाला साधा रॉड लावायचा नाही, निकेलचा रॉड किंवा पितळ वापरायचं, हा आमच्या शॉपचा नियम आहे.

टेबल बहुतेक कुठे तुटतं?

सगळ्यात जास्त तक्रारी पिलरला पकडणाऱ्या मानेच्या. मानेला एक फट असते, दोन्ही बाजूंना कान असतात आणि बोल्टने ते कान एकमेकांकडे ओढून पकड घट्ट करतात. पिलरला तेल लागलं की टेबल घसरतं. मग माणूस हँडलला पाइप घालून आवळतो, आणि एक दिवस कान मुळाशी तुटतो. खरं तर पिलर फडक्याने कोरडा पुसला असता तर पाव मिनिटात काम झालं असतं.

दुसरं कारण पाडापाड. मशीन टेम्पोतून नेताना टेबल वरच्या बाजूला लावलेलं असतं आणि रस्त्यातल्या खड्ड्यात मशीन आडवं होतं. तिसरं म्हणजे टी-स्लॉट. त्यात बोल्ट बसवून लोक गरजेपेक्षा जास्त आवळतात आणि स्लॉटचा ओठ उडतो.

टेबलावर ड्रिलची भोकं आणि चंद्रकोरी पडल्यात. त्या वेल्डिंगने भरून द्याल का?

नाही, आणि कुणी देतो म्हणाला तरी करू नका. भोकामुळे टेबल कमजोर होत नाही, फक्त दिसायला वाईट दिसतं. पण दहा-बारा ठिकाणी वेल्डिंग केलं की दहा-बारा ठिकाणी कडक टिपके तयार होतात, प्रत्येक टिपका टेबलाला आपल्याकडे ओढतो आणि टेबल ताटासारखं वाकतं.

आरपार भोक असेल तर त्याला आटे पाडा. जुन्या पुलीच्या किंवा फ्लायव्हीलच्या बिडाचा लेथवर आटेदार बूच करा, थोडा लॉकिंग द्रव लावून आवळा आणि वरचा भाग कापून सपाट करा. बिडाचं बूच बिडात बसवलं तर रंग आणि झीज दोन्ही सारखी राहते, थोड्या दिवसांत बूच कुठे आहे ते शोधावं लागतं. उथळ चंद्रकोरी असतील तर लोखंडाची भुकटी घातलेली इपॉक्सी भरा आणि सपाट घासा. आणि पुढच्या वेळी जॉबखाली लाकडाचा ठोकळा ठेवा.

इपॉक्सीने तडासुद्धा चिकटवता येईल का?

नाही. तडा गेलेल्या जागी ताण येतो, तिथे चिकट पदार्थ टिकत नाही. वर त्याचे अंश तड्यात खोल जातात आणि नंतर वेल्डिंग करताना जळून वेल्डला भोकं पाडतात. तुटलेलं टेबल वेल्डिंगला आणायचं असेल तर त्यावर काहीही लावू नका.

तडा कुठे संपतो ते कसं कळतं?

डोळ्याला दिसतो त्यापेक्षा तडा लांब असतो, हे गृहीत धरा. आमची जुनी पद्धत रॉकेल आणि खडूची. तड्यावर रॉकेल लावून पंधरा-वीस मिनिटं मुरू द्या. मग फडक्याने वरचं रॉकेल पूर्ण पुसून काढा आणि त्यावर पांढरा खडू फासा. तड्यात मुरलेलं रॉकेल हळूहळू वर येतं आणि खडूवर ओली रेघ उमटते. रेघ जिथे संपते तिथे तडा संपतो. बाजारात यासाठी रंगीत पेनिट्रंटच्या स्प्रेचे डबेही मिळतात, ते जास्त बारीक दाखवतात. रॉकेल लावलेलं असताना जवळपास ज्योत किंवा ग्राइंडर नको.

शेवट सापडला की त्याच्या जरा पुढे ३ ते ५ मिलिमीटरचं भोक पाडा. तड्याचं टोक सुईसारखं अणकुचीदार असतं आणि सगळा ताण तिथे एकवटतो. गोल भोकात तो ताण पसरतो. हे भोक नसेल तर वेल्डिंगच्या उष्णतेने तडा तुमच्या डोळ्यांदेखत पुढे सरकेल.

टेबल मशीनवरच ठेवून वेल्ड करता येईल का?

काढूनच घ्या. वेल्डिंगचा करंट अर्थिंगकडे जाताना वाट मिळेल तिकडून जातो, आणि वाटेत स्पिंडलच्या (ड्रिल फिरवणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंग आल्या तर त्यांना खड्डे पडतात. टेबल सुटं असलं की ते उलटं-सुलटंही करता येतं, ते पुढे लागणारच आहे.

वर्षानुवर्षं तेल प्यालेलं टेबल वेल्डिंग धरेल का?

धरेल, पण तेल काढल्यावर. बीड तेल पितं. ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या आजूबाजूला कटिंग ऑइल, ग्रीस आणि कुलंट खोल मुरलेलं असतं. वरून थिनरने पुसलं की स्वच्छ दिसतं, पण आर्क (रॉडच्या टोकाची विजेची ठिणगी) लागला की आतलं तेल उकळून वर येतं आणि वेल्डमध्ये बुडबुडे धरतात. म्हणून तड्याच्या जागी वेल्ड भरायला चर पाडून झाल्यावर (तो कसा पाडायचा ते पुढे सांगतो) गॅसच्या ज्योतीने तो भाग हळूहळू २०० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवा. आधी धूर निघेल, मग तपकिरी चिकट थेंब येतील. ते तारेच्या ब्रशने काढा आणि पुन्हा तापवा. धूर थांबेपर्यंत हे करायचं. त्यानंतर पहिला थर घालून बघा. बुडबुडे आले तर तो थर घासून काढून टाका आणि पुन्हा घाला. पहिला थर वाया जातो म्हणून वाईट वाटून घेऊ नका, तो थर उरलेलं तेल बाहेर ओढून आणतो.

चर कसा पाडायचा? वरून की खालून?

माझं ठाम मत आहे, खालून सुरुवात करा. टेबलाचा वरचा घासलेला पृष्ठभाग शेवटपर्यंत न छेडलेला बरा. टेबल उलटं करा, खालून ६० ते ७० अंशांचा व्ही आकाराचा चर पाडा, पण आरपार जाऊ नका. वरच्या बाजूला २-३ मिलिमीटर मूळ मोडलेलं तोंड राहू द्या. हे तोंड म्हणजे कुलूप आणि किल्ली आहे. दोन तुकड्यांच्या दाण्यांत दाणे बसले की टेबल मूळ जागी आपोआप जुळतं. सगळं घासून टाकलं तर पुन्हा ती जुळणी कोणत्याही गुण्याने मिळत नाही.

तुकडे जाड, सपाट पोलादी प्लेटवर वरची बाजू खाली करून ठेवा आणि क्लॅम्पने बांधा. मग खालून वेल्ड करा. जाडी जास्त असेल तर खालची बाजू अर्धी भरल्यावर वरून लहान चर पाडून थोडं वरून भरा, म्हणजे दोन्हीकडची ओढ समतोल राहते. फक्त एकाच बाजूने भरलं तर टेबलाच्या कडा वेल्डच्या बाजूला ओढल्या जातात आणि मध्ये उंचवटा येतो.

चर पाडायला ग्राइंडरचा चक्का चालतो, पण चक्का ग्राफाइट घासून पृष्ठभागावर पसरवतो. शेवटचा हात कानशीने किंवा कार्बाइडच्या बरने (दातेरी फिरत्या टोकाने) मारा. पितळ भरणार असाल तर ही गोष्ट जास्तच महत्त्वाची, पसरलेल्या ग्राफाइटवर पितळ धरत नाही.

कोणता निकेल रॉड घ्यायचा?

दुकानात दोन प्रकार मिळतील. अमेरिकन वेल्डिंग सोसायटीच्या ए५.१५ या मानकात त्यांना ईएनआय-सीआय आणि ईएनआयएफई-सीआय म्हणतात. पहिल्यात जवळजवळ सगळं निकेल असतं, वेल्ड मऊ राहतं आणि ड्रिल किंवा कानशीने सहज कापतं. दुसऱ्यात साधारण ५५ टक्के निकेल आणि बाकी बहुतेक लोखंड असतं. तो जास्त मजबूत, जाड भागांसाठी योग्य आणि थोडा स्वस्त.

टेबलाच्या पृष्ठभागाजवळ, जिथे नंतर घासायचं आहे, तिथे मी पहिला प्रकार वापरतो. मानेला, रिबना (खालच्या आधाराच्या उभ्या पट्ट्यांना) आणि जाड भागाला दुसरा. निकेल महाग आहे हे खरं. एका रॉडच्या पैशात साध्या रॉडची मोठी मूठ येते. पण एका टेबलाला चार-पाच रॉड पुरतात, आणि नवीन टेबलाच्या मानाने तो खर्च काहीच नाही. सुटे रॉड घेत असाल तर दुकानदाराला पाकीट दाखवायला सांगा. ओलावा लागलेला, कोटिंग उडालेला रॉड घेऊ नका. पावसाळ्यात रॉड ओव्हनमध्ये वाळवूनच वापरायचे.

गरम करून वेल्ड करायचं की गार ठेवून?

दोन्ही पद्धती बरोबर आहेत. चूक एकच, दोन्हींच्या मधली.

गरम पद्धतीत सगळा जॉब ५०० ते ६५० अंशांपर्यंत एकसारखा तापवतात, गॅसवर बिडाचाच रॉड वितळवून भरतात आणि मग दीड-दोन दिवस हळूहळू थंड होऊ देतात. जोड मूळ बिडासारखाच होतो. पण टेबल एवढं तापवायला भट्टी लागते, आणि घासलेलं टेबल त्या तापमानाला स्वतःच्याच वजनाने वाकू शकतं. फाउंड्रीवाल्यांचं ते काम आहे. टेबलासाठी मी ती पद्धत वापरत नाही.

गार पद्धतीत सगळा जॉब हाताला सोसेल एवढाच गरम राहतो, निकेल रॉडने अगदी थोडं थोडं भरतात. टेबलाच्या सपाटपणासाठी हीच बरी. जानेवारीत जळगावात पहाटे पारा १० अंशांच्या खाली जातो, तेव्हा टेबल आधी ४०-५० अंशांपर्यंत सगळीकडून कोमट करून घ्या. उन्हाळ्यात ४५ अंशांच्या वर ऊन असतं तेव्हा टेबल दुपारी बाहेर ठेवलं की तेवढं काम ऊनच करून देतं.

आता मधली चूक. तड्याच्या दोन इंच आजूबाजूला गॅसने लाल करायचं आणि बाकी टेबल गार ठेवायचं. लाल भाग पसरू पाहतो, गार भाग पसरू देत नाही. थंड झाल्यावर नेमकं उलट होतं. दुसऱ्या ठिकाणी नवा तडा जाण्याचं हे सर्वात खात्रीचं कारण. आमच्याकडे असं एक टेबल आलं होतं, एका तड्याचे तीन झालेले.

गार पद्धतीत प्रत्यक्ष भरायचं कसं?

इथे घाई केलीत तर आधीची सगळी मेहनत वाया जाईल, म्हणून सावकाश सांगतो.

२.५ मिलिमीटरचा रॉड असेल तर साधारण ६० ते ८० अँपिअर, ३.१५ चा असेल तर ८० ते ११०. पाकिटावर दिलेल्या मर्यादेतला खालचा आकडा घ्या. करंट जास्त झाला की बीड जास्त वितळतं आणि तेच आपल्याला नको आहे. आर्क चरातच मारा, टेबलाच्या तोंडावर कधीही नाही.

एका वेळी २० ते २५ मिलिमीटर एवढंच भरायचं, म्हणजे अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडं कमी. रॉड सरळ ओढा, इकडे-तिकडे डोलवू नका. शेवटी खड्डा राहतो तो भरूनच आर्क सोडा, कारण त्या खड्ड्यातूनच तडे सुरू होतात. आर्क सुटताक्षणी लहान गोल तोंडाच्या हातोडीने वेल्डवर भराभर हलक्या टकटकी द्या. वेल्ड अजून लालसर असतानाच. जोर नको, सोनार ठोकतो तसं. थंड होताना वेल्ड आक्रसतं, ठोकणीने ते पुन्हा पसरतं आणि शेजारच्या बिडावरची ओढ कमी होते. पहिल्या एक-दोन टोल्यांचा आवाज बद्द असतो, मग तो खणखणीत होऊ लागतो. खणखणीत झाला की ठोकणं थांबवा. थंड वेल्डवर मारलं तर त्यालाच तडा जातो.

मग थांबायचं. वेल्डपासून दोन इंचांवर तळहात ठेवा. तो आरामात ठेवता आला पाहिजे. तोपर्यंत पुढचा टाका नको. पुढचा टाका त्याच्या शेजारी घालू नका, चराच्या दुसऱ्या टोकाला घाला. तिसरा मधे. असं इकडून तिकडून उडी मारत भरायचं. प्रत्येक टाक्यानंतर ब्रशने स्लॅग (वेल्डवरची खपली) साफ.

पाच इंचांचा चर भरायला आम्हाला अर्धा दिवस लागतो. गिऱ्हाईक बाकावर बसून विचारतं की मशीन बंद का ठेवलं. त्या थांबण्याच्या वेळेतच जोड टिकाऊ होत असतो.

वेल्ड झाल्यावर पाणी मारू का?

कधीच नाही, दाबाची हवासुद्धा नको. काम संपलं की टेबल कोरड्या राखेत, कोरड्या वाळूत किंवा विझवलेल्या कोरड्या चुन्याच्या भुकटीत पुरून रात्रभर ठेवा. आमचे उस्ताद पऱ्हाटीची (कपाशीच्या काड्यांची) चाळलेली राख पत्र्याच्या ड्रममध्ये भरून ठेवत, त्यांच्यानंतर तो ड्रम आम्ही तसाच चालू ठेवला आहे. कळीचा चुना मात्र वापरू नका, त्याला पाणी लागलं की तो उकळतो आणि डोळ्यांना इजा करतो. गार पद्धतीत टेबल फार तापलेलंच नसतं, तरी वाऱ्यापासून झाकून ठेवायचं एवढं नक्की.

गॅसवर पितळ भरून जोडलं तर?

चांगला पर्याय आहे, आणि मानेच्या कानासाठी तर मला तोच जास्त आवडतो. पितळेचा रॉड साधारण ८७० ते ८९० अंशांना वितळतो, तर बीड ११५० ते १२०० च्या आसपास. म्हणजे बीड वितळतच नाही, पितळ त्याला चिकटतं. त्यामुळे पांढरं कडक बीड तयार होण्याचा धोका फार कमी. फ्लक्स (धातू स्वच्छ ठेवणारी पूड) म्हणून टाकणखार किंवा तयार ब्रेझिंग फ्लक्स. बीड मंद लाल झालं की पितळ पाण्यासारखं पसरतं. पितळ गोळ्या करून उभं राहिलं तर समजा एकतर बीड थंड आहे किंवा ग्राफाइट साफ झालेलं नाही.

दोन तोटे लक्षात ठेवा. एक, सगळा भाग बराच तापवावा लागतो, म्हणून टेबलाच्या सपाट भागाला मी हे करत नाही. दुसरा, एकदा पितळ लागलं की तिथे पुन्हा निकेल वेल्डिंग होत नाही, सगळं पितळ घासून काढल्याशिवाय. म्हणून आधी कोणी काय लावलंय ते आम्हाला सांगा.

पितळ भरताना जस्ताचा पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला तर रात्री थंडी वाजून ताप येतो. दारं-खिडक्या उघड्या ठेवा आणि धुराच्या वरती तोंड नेऊ नका.

मानेचा कान तुटलाय. जोडल्यावर पुन्हा आवळता येईल ना?

येईल, पण जोडाच्या भरवशावर नको. कान सारखा वाकत-सुटत असतो आणि बिडाला ते आवडत नाही. कान पितळेने जोडून झाला की मानेभोवती पोलादी पट्ट्याचा क्लॅम्प करून लावा, ८-१० मिलिमीटर जाड पट्टी, दोन बोल्ट. आवळण्याचं काम पट्टा करतो, बिडावर फक्त दाब येतो. बीड दाब झेलायला उत्तम आहे, ताण झेलायला नाही.

तडा मानेच्या मागच्या बाजूला, फटीच्या समोर असेल तर काम अवघड. कान आवळले की ती जागा बाहेरच्या बाजूने ताणली जाते. तिथे नुसतं वेल्ड करून मी हमी देत नाही. पट्टा लावायला तयार असाल तरच हात लावतो.

वेल्डिंगनंतर टेबल सपाट राहिलं का, हे कसं तपासू?

घरच्या घरी होतं. चकमध्ये (ड्रिल पकडायच्या तोंडात) ६ मिलिमीटरची सळई झेड आकारात वाकवून पकडा, तिचं टोक टेबलाच्या कडेजवळ येऊ द्या. मशीनचा प्लग काढून ठेवा. स्पिंडल हाताने फिरवा आणि टोक व टेबल यांच्यामधली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) चार ठिकाणी मोजा, पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. चारही ठिकाणी सारखी आली तर टेबल स्पिंडलला काटकोनात आहे. समोरासमोर फरक आला तर टेबल तिरकं, आणि समोरासमोर सारखी असून एक जोडी दुसरीपेक्षा वेगळी आली तर टेबल वाकलेलं.

तिरकेपणा ब्रॅकेटच्या बोल्टवरून काढता येतो. वाकलेलं टेबल मात्र मिलिंगवर किंवा शेपरवर तोंड मारून (वरचा पातळ थर कापून) सरळ करावं लागतं. आधी तीन-चार दिवस थांबा, ताण बसू द्या. तोंड मारताना वेल्डच्या कडेला कडक रेघ लागेल, हाय स्पीड स्टीलचं टूल तिथे बोथट होतं. कार्बाइड टिप वापरा आणि काप कमी ठेवा. फरक एका कागदाच्या जाडीएवढाच असेल तर मी तोंडही मारत नाही, ट्रॉलीच्या पट्टीत भोकं पाडायला तो फरक आड येत नाही.

खाली आधाराची पट्टी लावू का?

मध्यावर मोडलेल्या टेबलाला जरूर लावा. खालून १० मिलिमीटरची पोलादी पट्टी तड्याला आडवी ठेवून बोल्टने बांधा, वेल्ड करू नका. ड्रिल मोठं असेल तर फीडचा (ड्रिल खाली दाबण्याचा) दाब शे-दोनशे किलोच्या घरात सहज जातो, तो पट्टी वाटून घेते. बोल्टची भोकं तड्यापासून कमीत कमी दीड इंच लांब.

गावातल्या वीजपुरवठ्यावर हे काम होईल का?

व्होल्टेज चढ-उतार करत असेल तर टाळा. आर्क मधेच तुटतो, प्रत्येक वेळी नव्याने मारावा लागतो आणि प्रत्येक नव्या जागी कडक टिपका राहतो. लोड कमी असताना किंवा चांगल्या इन्व्हर्टर मशीनवर करा. निकेल रॉड बहुतेक डीसीवर इलेक्ट्रोड, म्हणजे रॉड, पॉझिटिव्ह ठेवून चालवतात, पण पाकीट वाचा.

दुरुस्तीला आणताना काय काय आणायचं?

सगळे तुकडे, अगदी नखाएवढे असले तरी. ते कागदात वेगवेगळे गुंडाळा, एकमेकांवर घासू देऊ नका, मोडलेली तोंडं गुळगुळीत झाली की जुळणी जाते. तोंडांना हात पुसू नका, तेल लावू नका. टेबलाबरोबर लॉकिंगचं हँडल आणि बोल्टही आणा. पिलर आणणं शक्य नसेल तर त्याचा व्यास व्हर्निअर कॅलिपरने वर, मधे आणि खाली अशा तीन ठिकाणी मोजून चिठ्ठीवर लिहून टेबलाला बांधा.